आबांच्या हातावरचं ओलं फडकं

गांधीलमाशी मनगटाला कडकडून चावावी, मनगटावर लिंबाएवढी सूज यावी, आणि ज्याला चावली त्याला पत्ताही नसावा, असं होऊ शकतं का?

जोतिरामआबा चौगुल्यांचं झालं होतं. गेल्या हंगामात त्यांच्या नातीनं, सहावीतल्या कस्तुरीनं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांनी तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. आणि आता तेच आबा दवाखान्यात रोज सकाळी पट्टी बदलताना अख्खा मजला ऐकेल असे ओरडत होते. हे कोडं काही केल्या कस्तुरीला सुटेना.

आबा गुळव्या होते, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे कारागीर. कोल्हापूरकडच्या बहुतेक गुऱ्हाळांत एव्हाना यंत्रंच रस आटवत होती. आबांच्या गुऱ्हाळात मात्र काहिलीतला, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईतला, रस कधी पिकला हे आबांचे डोळेच ठरवत. यंत्रापेक्षा आपला गूळ सरस, याचा त्यांना केवढा तोरा! तो खराही होता म्हणा. पण पंधरा दिवसांपूर्वी काहील उतरवताना तिच्या कडीतला आकडा निसटला आणि उकळता रस त्यांच्या उजव्या हातावर उडाला.

"जखम भरतेय," डॉक्टर मिणचेकर म्हणाल्या, "पण भरताना त्वचा आखडते. रोज पट्टी काढून बोटं सरळ करायलाच हवीत. नाहीतर मूठ अशीच मिटलेली राहील, कायमची. आणि आबा तर कालपासून हातच लावू देत नाहीत."

कस्तुरीनं आबांच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. त्या हातानं आबा गुळात लांब दांड्याचं फावडं फिरवायचे. ती शाळेतून आली की त्याच हातानं लाडानं तिचा कान पिळायचे.

"औषधानं ठणका कमी झालाय. पट्टी काढतानाची कळ मात्र उरतेच," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी मैनेला बोलावलं. मैना म्हणजे चाकांवरचा, कमरेएवढा यंत्रमानव. तिचं काम संमोहनाचं (मन एका गोष्टीवर इतकं खिळवायचं की बाकीच्या गोष्टी मागे पडतात).

आबा भडकले. "जत्रंत मानसाला कोंबडा करून आरवायला लावत्यात, त्यातलंच न्हवं हे? माजं डोस्कं मी कुनाच्या ताब्यात देनार न्हाई!"

"ताबा तुमचाच राहतो, आबा," मैना म्हणाली. "नको वाटलं की डोळे उघडा. संपलं."

नात टक लावून बघतेय म्हटल्यावर आबांना नाही म्हणवेना. मैनेनं त्यांच्या कपाळावर एक मऊ पट्टा बांधला. मन किती खिळलंय ते मैनेच्या पडद्यावरची निळी रेघ दाखवणार होती.

"तुम्ही एका उंच शिखरावर आहात," मैनेनं हळुवार आवाजात सुरुवात केली. "सगळीकडे पांढरंशुभ्र बर्फ..."

"बरफ मी फकस्त रसाच्या गिलासात बघितलाय," आबा म्हणाले. निळी रेघ सैरभैर धावत होती. मैनेनं तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच.

"मैना, दुखतो तो हात. मग मनाचं काय काम?" कस्तुरीनं विचारलं.

"हातातले मज्जातंतू (निरोप नेणारे बारीक धागे) नुसता निरोप पाठवतात, की इथं काहीतरी बिघडलंय. तो पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. त्याला किती महत्त्व द्यायचं हे मेंदू ठरवतो. भीती वाटली की तो निरोप मेंदू मोठ्यानं ऐकतो. मन दुसरीकडे गुंतलं की हळू ऐकतो, आणि खालून येणारी वाटही थोडी अडवून धरतो."

"म्हणजे आबांचं दुखणं खोटंय?"

"मुळीच नाही! अगदी खरं आहे. पण ते लहानमोठं करणं थोडंफार मेंदूच्या हातात असतं. संमोहनानं जखम भरत नाही, औषधंही थांबवायची नसतात. पण कळ कमी झाली की बोटं हलवता येतात, झोप लागते, आणि बरं व्हायला शरीराला सोपं जातं."

कस्तुरीला एकदम ती गांधीलमाशी आठवली. काहिलीतल्या बुडबुड्यांवर आबांची नजर लागली की आजीनं दहा हाका मारल्या तरी त्यांना ऐकू जायचं नाही. गूळ ओतून झाल्यावरच त्यांनी मनगटाकडे बघून विचारलं होतं, "आरं, हे कवा चावलं?"

"मैना, आबांना हे शिकवायलाच नको! ते कधीचे करतात! त्यांना काहील दाखव."

"भाजलेल्या माणसाला उकळती काहील?" मैनेनं विचारलं.

कस्तुरीनं जीभ चावली. खरंच की. मग गुऱ्हाळात गार काय असतं? ती विचार करत राहिली, आणि मग आबांच्या कानाशी वाकली.

"आबा, काहील उतरली. चुलवाणातला जाळ विझलाय. गूळ वाफ्यात ओतलाय." वाफा म्हणजे गूळ निववायचा उथळ हौद.

आबांनी डोळे मिटले. "रंग कसा आलाय?"

"सोन्यावानी."

"कडंनं निवतोय का बग. आन् फडकी भिजवलीस का? कोरड्या फडक्याला गूळ चिकटतोय."

"भिजवली, हिरीच्या पान्यात. आता गूळ फडक्यात भरला. ढेप झाली. आबा, तुमचा हात म्हंजे ती ढेप. भवतीनं ओलं, गार फडकं हाय."

मैना हुशार. तिनं तेवढाच धागा उचलला. "ओलं फडकं... ढेप निवतेय... आणखी निवतेय..." पडद्यावरची रेघ हळूहळू स्थिर झाली. सिस्टरांनी पट्टीचं टोक धरलं.

"सावकाश," आबाच पुटपुटले. "ढेपंची कड मोडाय नको."

सिस्टरांनी सावकाश पट्टी सोडवली. आबांच्या कपाळाला एकदा आठी पडली आणि विरली. मग डॉक्टरांनी एकेक करून पाची बोटं सरळ केली.

"झालं, आबा," कस्तुरी म्हणाली.

आबांनी डोळे उघडले. "लागलं न्हाई म्हनत न्हाई मी. लागलं. पन लांब कुटंतरी."

"असं खिळलेलं मन मी क्वचितच पाहिलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"पन्नास वर्सं काहील बघितलीया," आबा म्हणाले, आणि पडल्या पडल्या त्यांची छाती फुगली. "यंत्राला जमंल व्हय?"

"नाही जमणार," मैना म्हणाली. "मी तर सगळ्यांना बर्फच दाखवत होते." दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी बोलताना तिनं आधी विचारलं, "तुला सगळ्यात गार कुठं वाटतं?" ते ऐकून कस्तुरी अभिमानानं फुलून गेली. मैनेला हे तिनं शिकवलं होतं ना!

दोन महिन्यांनी कस्तुरी शाळेतून घरी आली, तर आबा ओसरीवर बसले होते. हातावर पट्टी नव्हती. त्यांनी तिला जवळ बोलावलं, आणि त्या गुलाबी, सुरकुतलेल्या बोटांनी तिचा कान धरून चांगला पिळला.

कान सणसणून दुखला. कस्तुरीनं हूं की चूं केलं नाही.