संगीताचा एक तास

सातवीच्या मुली भूपाचा आरोह म्हणत होत्या, त्रिवेणीची बोटं पेटीवर फिरत होती... आणि दारात खडूचा डबा घेऊन एक उंच तरुण उभा राहिला.

"माफ करा... शुक्रवारचा हा तास आता गणिताचा आहे."

"मला कोणी बोललं नाही," त्रिवेणी म्हणाली. "थांबा की हो जरा. गाणं अर्ध्यावर सोडू का?"

तो थांबला. मंदार पुण्याहून तेलुगू मुलखात, गौलीगुड्यातल्या या सरकारी मराठी शाळेत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एवढ्यात पहिल्या ओळीतल्या रसिका नावाच्या मुलीनं एकटीनं सूर लावला, खणखणीत! मंदार पाहतच राहिला.

"ही माझ्या वर्गात तोंडसुद्धा उघडत नाही!"

"तुम्ही घाबरवत असाल," त्रिवेणी हसली. त्याचे कान लाल झाले. ते तिला फार आवडलं.

त्या दिवशी गणित झालंच नाही. पुढच्या शुक्रवारी त्यानं तास तिलाच सोडला आणि तो मागच्या बाकावर बसून ताल धरू लागला – टाळी द्यायची नाही तिथंच नेमकी देत. मुली खिदळल्या.

"गणिताच्या सरांना सोळापर्यंत मोजता येईना!" त्रिवेणी म्हणाली.

"समोर पाहिलं की चुकतं..." तो हळूच म्हणाला.

मग शाळा सुटल्यावर दोघं सुलतान बाजारापर्यंत चालत जाऊ लागली. तिथल्या गर्दीत खांद्याला खांदा लागायचा, दोघंही "सॉरी" म्हणायची – आणि लांब कोणीच सरकायचं नाही.

मार्चमध्ये मुख्याध्यापिका सत्यवतीबाईंनी त्रिवेणीला बोलावलं. जूनपासून संगीत बंद. पालकांना आता कॉम्प्युटर हवा होता, दिलसुखनगरच्या शिकवण्यांसारखे जादा क्लास हवे होते. त्रिवेणीनं शिवणकाम शिकवावं! ती पेटीवर खोळ घालून घरी गेली, ती तीन दिवस आलीच नाही.

चौथ्या दिवशी बाईंनीच सांगितलं, "आठवड्याला एक तास ठेवते. मंदार सर जादा गणित सकाळी आठला घेणार आहेत. गाणाऱ्या मुली वर्गात बोलायला लागल्यात म्हणे."

आनंदाआधी त्रिवेणीला राग आला. तिनं त्याला व्हरांड्यातच गाठलं.

"माझ्यासाठी भांडायला गेलात... मला विचारलं का?"

"चुकलं. पण मुलींसाठी गेलो होतो."

"फक्त मुलींसाठी?"

तो खिडकीच्या गजाकडे पाहत राहिला. "...तुमच्यासाठीही. तीन दिवस तुम्ही दिसला नाहीत, मला फळ्यावरचं साधं समीकरण सुटेना. त्रिवेणी, आता रीतसर विचारतो – माझ्याशी लग्न कराल?"

वर्गातून मुलींची कुजबुज ऐकू येत होती. त्रिवेणीचा राग कुठल्या कुठे पळाला होता, पण तिनं चेहरा तसाच ठेवला.

"परवा घरी बाबांना तुमचं नाव सांगून टाकलं मी," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता."