आम्ही दोघीच होतो

हे रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं, तर चांगली अमावास्येची रात्र घेतली असती. हे दिवसाउजेडी घडलं. मागच्या वर्षी, परदेशात. माझ्याबरोबर मास्तरीण होती. हवं तर तिला विचारा. ती शाळेत शिकवते आणि खोटं बोलणाऱ्याला अजूनही बाकावर उभं करते.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. फोटोत दिसेल तेवढंच खरं, अशी माझी सवय.

आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी, मास्तरीण आणि टिल्ली. टिल्ली सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत बडबडी. पाठीवर सॅक टाकायची, स्वस्तात स्वस्त जागी राहायचं आणि एक देश पालथा घालायचा, हे खूळ तिचंच. तिथल्या एका तळ्याचं चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

निघायच्या आठ महिने आधी तिला ताप आला.

नवव्या दिवशी ती गेली.

आम्ही तरीही निघालो. न जाणं जास्त जड गेलं असतं.

पहिल्या हॉस्टेलात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काउंटरवरच्या बाईने चादरी पुढे ठेवल्या.

तीन…

"दोन द्या. आम्ही दोघीच आहोत," मास्तरीण म्हणाली.

बाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मग आत्ता वर गेली ती कोण?"

जिना रिकामा होता.

वर खोलीत सहा पलंग होते, एकावर एक रचलेले. आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. मी म्हटलं, बाईचा काहीतरी घोटाळा झाला असेल. विषय तिथेच संपला.

पहाटे आवाजाने जाग आली.

सॅकची चेन उघडल्याचा… मग बंद केल्याचा… मग पुन्हा उघडल्याचा.

शाळेच्या सहलीपासून टिल्लीची ही खोड. सगळे झोपलेले असताना हिची शोधाशोध. किती शिव्या घातल्या असतील आम्ही तिला!

समोरच्या पलंगावरून मास्तरीण हळूच म्हणाली, "तूच आहेस ना गं?"

"मी पडूनच आहे."

आवाज थांबला.

उजाडेपर्यंत दोघी टक्क जाग्या.

तिसऱ्या दिवशी लांबचा बसप्रवास होता. भर दुपारी एका पंपावर बस थांबली. सगळे खाऊन-पिऊन परत आले. चालकाने माणसं मोजली. आमच्यापाशी येऊन थांबला.

"तुमची तिसरी कुठे?"

मास्तरणीने माझा हात घट्ट धरला.

"तिसरी नाही," मी म्हटलं.

"असं कसं? ती लहानशी. सारखी बोलत होती की तुमच्याशी." त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि हसला. "आली बघा. पळतेय बिचारी!"

बाहेर नुसतं ऊन होतं.

दार उघडं होतं. पायरी करकरली… आणि चालकाने दार लावून घेतलं.

बस सुटली. आमच्या पलीकडच्या सीटवर आम्ही सॅक ठेवली होती. मास्तरीण उठली. तिने सॅक उचलली आणि मांडीवर घेतली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बस गं टिल्ले," ती म्हणाली. "खिडकीपाशी बस."

तुम्हाला वाटेल, आम्ही घाबरलो. सुरुवातीला घाबरलोच. पण खरं सांगू? त्यानंतरचे दोन दिवस आम्ही फार सुखात होतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भात शिजवताना तिची चेष्टा करायचो. रस्ता चुकलो की तिच्यावर ढकलायचो. पहाटे चेन वाजली की मास्तरीण कूस बदलून म्हणायची, "झालं हिचं सुरू."

आठ महिन्यांत आम्ही अशा हसलो नव्हतो.

पाचव्या दिवशी तळ्यावर पोचलो. चित्रात होतं तसंच. निळंशार, आणि भोवती डोंगर.

"बोटीतून जाऊ या," मी म्हटलं.

हे मीच म्हटलं. कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

नावाडी म्हातारा होता. त्याने न विचारता तीन लाइफ जॅकेट काढली. दोन आम्ही घातली. तिसरं त्याने पुढच्या फळीवर ठेवलं.

तळ्याच्या मध्यावर वारा पडला. पाण्याचा आवाजसुद्धा थांबला. आम्ही दोघी डोंगरांकडे बघत होतो. कितीतरी वेळ…

मागून नावाडी ओरडला.

"ती कुठे गेली?"

मी चटकन पुढे पाहिलं. पुढची फळी रिकामी होती. जॅकेट नव्हतं.

"आत्ता इथे बसली होती! ती बुटकी मुलगी!" त्याने बोट गर्रकन वळवली. काठी पाण्यात खुपसली. काठावरच्या माणसांना हाका मारल्या. आणखी दोन बोटी आल्या. आम्ही परोपरीने सांगत होतो, आम्ही दोघीच आहोत, दोघीच आलो. पासपोर्ट दाखवले, तिकिटं दाखवली. बाकीच्यांना पटलं. ते परत गेले.

म्हाताऱ्याला पटलं नाही. अंधार पडेपर्यंत तो पाण्यात शोधत राहिला. काठावर उतरल्यावर तो हमसून हमसून रडला.

"माझ्या हातून आजवर कोणी बुडालं नाही," एवढंच म्हणत होता.

जॅकेट सापडलं नाही.

त्या दिवशी हॉस्टेलात दोन चादरी मिळाल्या. पहाटे चेन वाजली नाही. परतीच्या बसमध्ये चालकाने माणसं मोजली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि बस सुरू केली.

मास्तरीण सारखी मागे वळून बघत होती.

घरी आल्यावर आठवड्याने आम्ही टिल्लीच्या आईकडे गेलो. काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तळ्याचे फोटो तेवढे दाखवायचे.

काकूंनी दार उघडलं. आमच्याकडे पाहिलं. मग आमच्या मागे… जिन्याकडे… बराच वेळ.

"तुम्ही निघालात ना, त्या दिवसापासून तिच्या खोलीतली खुडबुड थांबली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गेली वाटतं पोरींबरोबर. जिवाला बरं वाटलं गं."

आम्ही उंबऱ्यातच उभ्या.

"मग आता दोघीच कशा? तिला कुठे सोडून आलात?"

मास्तरणीने फोन पुढे केला. निळंशार पाणी. काकूंनी फोटोवरून बोट फिरवलं.

"काठावरून बघायचं होतं तिला हे," त्या म्हणाल्या. "लहानपणी विहिरीत पडली होती. पाण्याला फार भ्यायची. तुम्हाला बोलली नाही कधी?"

नाही. एवढी बडबडी, पण हे कधी बोलली नाही.

मास्तरीण म्हणते, परत जाऊ. काठावर बसून तिला हाक मारू. मी रजेचा अर्ज दिलाय.

पण हाकेला ओ आली तर…

आणि आलीच नाही तर…

यातलं जास्त भयंकर काय, ते मला अजून ठरवता येत नाही.