बोलकी कुडी

"आई, हळू बोल ना. दही झोपलंय," जुई ओठांवर बोट ठेवून म्हणाली, आणि विरजणाचं भांडं झाकता झाकता मैथिलीला हसू आवरेना. चार वर्षांची पोर! परवा तिने आजोबांच्या टकलावरून हात फिरवत विचारलं होतं, "तुमचं कपाळ मागे कुठवर गेलंय हो?" मैथिलीचे सासरे अजून आठवून आठवून हसत होते. दिवसभर ऑफिसात राबून घरी आल्यावर लेकीचं एवढंच तर तिच्या वाट्याला यायचं. असं एकेक बोलणं ती मनात जपून ठेवायची.

जुईच्या उजव्या कानात बोलकी कुडी होती. कान टोचले, तेव्हाच घातलेली. वरून मोत्याची, आत तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. पाळणाघरात दिवसभर इंग्रजी. पोर मराठीत अडली की कुडी हळूच कानात शब्द पुटपुटायची. नाशिकमधल्या त्यांच्या सोसायटीत बहुतेक मुलांना ती होती. लेकराला आपली भाषा यावी, एवढीच हौस.

संक्रांतीनंतर शेजारच्या वृंदाकाकूंच्या नातीचं बोरन्हाण झालं. काळ्या झबल्यातल्या बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले, मुलं लुटायला तुटून पडली. मग काकू दहीवड्यांचं पातेलं उघडायला गेल्या, तसा त्यांचा थोरला नातू कुजबुजला, "आजी, हळू! दही झोपलंय."

सगळे खो खो हसले. मैथिली तेवढी हसली नाही.

"हे आमच्या जुईचं वाक्य आहे. याने कुठे ऐकलं?"

"कुठे म्हणजे? कुडीनेच सांगितलं असणार," काकू वडे वाढत म्हणाल्या. "अगं, आपण हसलो की तिला कळतं, हे चाललं. मग तेच दुसऱ्या घरी पुरवते. तू काय, नुसते शब्द सांगते असं समजत होतीस? भोळीच आहेस बाई!"

"आणि ते... कपाळाचं?"

"टकलाचं ना? ते तर आमच्याकडे दिवाळीतच झालं!"

घरी आल्या आल्या मैथिलीने जुईला मांडीवर घेतलं आणि फिरकी सोडवून कुडी काढली. इतके दिवस आपण हसलो ते कोणाला? आणि हसून हसून शिकवलं कोणाला? लेकीचं म्हणून जे जे जपलं, त्यातलं तिचं कुठलं, हे आता सांगणार तरी कोण?

"बोल ना गं राणी. काहीही बोल."

जुईने तोंड उघडलं, मिटलं. तिचा हात कानाकडे गेला, बोटाने पाळी चाचपली. मग आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत तिने विचारलं, "आई, मी काय बोलले की तू हसशील?"

कुडी मैथिलीच्या मुठीत होती. मग लेकीचं अगदी स्वतःचं असं पहिलं वाक्य ते हेच का?