भट्टीतून आलेल्या गाठी

खरं घडलंय ते सांगते. पटत नसेल तर पुढं वाचू नका. आमच्या घरात देव्हारा नाही, तिथं भूत कुठून येणार?

पण हे माझ्या हातात आलं होतं.

मागच्या वर्षीचा मे. बारामती एमआयडीसी. भर दुपार.

आमच्या कारखान्यात स्वस्त प्लास्टिकच्या धाग्यापासून कार्बन फायबर बनवायचा प्रयोग चालला होता. धागा आधी ॲसिडमधून, मग भट्टीतून काढायचा. पांढरा आत जातो, काळा बाहेर येतो. स्वस्त माल सारखा तुटतो. तुटला की भट्टीच्या अलीकडं गाठ मारून जोडायचा. जाड गाठ आत जळून जाते. माझ्या सगळ्या जळायच्या.

टिकायची ती फक्त रविंद्रदादाची. माझा थोरला भाऊ. डावखुरा, त्यामुळं त्याची गाठ उलटी पडायची.

भट्टीत हवा नको म्हणून नायट्रोजन सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, पण त्यात माणूस गुदमरतो. एक दिवस तो भट्टीमागच्या खड्ड्यात साठला, आणि दादा खाली उतरला...

नऊ दिवस तो दवाखान्यात मशिनवर होता. डॉक्टर म्हणाले, मेंदू गेलाय. आमच्या वडिलांना, अप्पांना, काही सुचेना. मीच मोठी शहाणी. मीच म्हणाले, सही करा, सोडवा त्याला. आणि मला बघवणार नव्हतं म्हणून कामावर आले.

तीनच्या सुमाराला भट्टीतून एक गाठ बाहेर आली.

बारीक. उलटी.

त्या दिवशी धागा एकदाही तुटला नव्हता...

हातभर अंतरावर दुसरी आली. मग वीतभरावर तिसरी. दादा घाईनं जोडत होता.

मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, थांबा. सही करू नका. दादा हाय अजून."



"मेघे, काढली गं नळी. आत्ताच."

पुढं आणखी एक गाठ आली. अर्धीच. आवळायची राहिलेली...

त्यानंतर नुसता धागा.

प्रयोग पुढं बंद पडला. मी हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. गावी, कऱ्हाटीला, अप्पा जेवता जेवता मधेच थांबतात.

"आपुन घाई तर न्हाय ना केली, मेघे?"

"न्हाय अप्पा," मी म्हणते, आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढते.