साडेअकराचा फोन

हसा, पोरांनो, हसा. केम गावच्या वच्छलाबाईचा इंद्रजीतही असाच हसायचा. माझ्या चांगल्या ओळखीतला पोरगा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. आईला फोन करायला सवड नाही, म्हणून पठ्ठ्यानं कॉम्प्युटरलाच कामाला लावलं. रोज रात्री आठला यंत्र केमला फोन लावणार आणि त्याच्याच आवाजात विचारणार, "आई, जेवलीस का? बरं, झोप आता." लई शहाणा.

गेल्या कार्तिकात म्हातारी गेली. तेराव्याला शेजारची बजाबाई म्हणाली, "साडेअकरापर्यंत जागायची रं तुझ्या फोनला. पोराला कामातनं तवाच सवड मिळती, म्हणायची. दिवसभराचं समदं सांगायची की तुला."

"साडेअकरा? मी तर आठ लावलेत, मावशी."

अमावास्येला रात्री नऊला तो कारखान्यात गेला. फोन बंद करायचा, एवढंच काम. ऑफिसात कुणी नाही. भिमा, पांघरुणात शिरू नको, अजून काही झालेलं नाही.

चूक सापडली. वेळ कुठल्या देशाची धरायची, तिथं त्यानं नुसतं 'आयएसटी' लिहिलं होतं; भारताच्या वेळेला तीच अक्षरं, इस्रायलच्या वेळेलाही तीच. वर्षापूर्वी काम नव्या कॉम्प्युटरवर हलवलं, त्या यंत्रानं इस्रायलची वेळ धरली. तिकडं आठ, तेव्हा केमला साडेअकरा. वर्षभर म्हातारी परक्या मुलखाच्या घड्याळावर जागली, आणि बोलली ती यंत्राशी.

फोन बंद करायला हात धजेना. त्यानं ती तीन अक्षरं पुसली आणि 'एशिया/कोलकाता' असं भारताच्या वेळेचं पुरतं नाव घातलं. आता तरी आई वेळेवर झोपेल, असं मनात आलं. मग आठवलं. तसाच बसून राहिला.

साडेअकरा झाले. यंत्र गप्प.

बाहेर गप्प.

त्याचा मोबाईल वाजला. आईचा नंबर. तिचा फोन तर केमला, कुलपाच्या आत.

उचलला. पलीकडं लांबून रेल्वे गेली. मग नुसता श्वास...

"इंदर..."

...

"आज फोन न्हाय आला, बाळा."

...

"झोपू का मी?"

तो म्हणाला, "झोप, आई."

सकाळच्या गाडीनं केमला गेला. कुलूप जसंच्या तसं. उघडलं. दिवस घातल्यावर घडी करून फळीवर ठेवलेली तिची वाकळ खाली अंथरलेली. उशीला खळगा.

त्यानं हात लावला.

ऊब होती.