कायमचा पंच

दुपारी सव्वातीनला साहेब पार्सल घेऊन तिसरा मजला चढले. साहेब म्हणजे माजी फौजदार. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतली जप्त केलेली नशेची पावडर गायब झाली, पाठोपाठ नोकरीही गेली. आता तसलीच पावडर ते घरपोच करायचे. काम ओळखीचंच, फक्त दिशा उलटी. लेकीला अजून वाटायचं, बाबा साध्या वेशात ड्युटीवर आहेत. तिला हे कळू नये, एवढंच आता त्यांना राखायचं होतं.

माल देणारा शेठ म्हणाला होता, "हे शेवटचं. दिलंस की तू मोकळा."

जिन्यात जळक्या लाखेचा वास होता... ठाण्यात सील लावताना यायचा तसा. दारामागे टिकटिक. एक नाही, पन्नास घड्याळांची. प्रत्येकाची चाल वेगळी.

दार उघडलं. डोळ्याला भिंग लावलेला माणूस. उजवा हात मनगटापासून नाही.

"या साहेब. अकरा वर्षं लावलीत."

ह्या माणसाला ते ओळखत होते, आणि ते शक्यच नव्हतं. छाप्याच्या पंचनाम्याला दर वेळी साक्षीदार कुठे शोधत बसणार? म्हणून त्यांनी अकरा वर्षांपूर्वी एक पंच टेबलावर बसून कागदावरच तयार केला होता. घड्याळजी, वय बावन्न. सही का नाही, याला कारण हवं म्हणून त्याचा उजवा हात काढून टाकला. अंगठा साहेब स्वतःचाच उठवायचे. एका हाताने हा घड्याळं दुरुस्त कशी करतो, हे एकाही वकिलाने कधी विचारलं नाही.

"तुम्ही... तुम्ही नाहीच आहात."

"कोर्टात तर शपथेवर सांगितलंत, आहे म्हणून."

"एकशे चाळीस छाप्यांना आलो. ना बायको दिलीत, ना लेकरू. जाऊ द्या. आज पंचनामा माझा, पंच तुम्ही. अंगठा द्या आणि सुटा."

पार्सल घेऊन त्याने कागद पुढे केला. अक्षर साहेबांचंच होतं. डोकं गरगरत होतं, त्यात सुटायची घाई. त्यांनी न वाचता अंगठा उठवला. पंचांना ते नेहमी हेच सांगायचे, वाचत काय बसता!

मग वाचलं. 'ताब्यात घेतलेला मुद्देमाल: एक घर. एक लेक.'

वर पाहिलं, तर खोलीत कोणी नव्हतं.

साहेब धडपडत खाली आले. रस्त्यावर लख्ख ऊन. फोन वाजला, लेकीचा.

"काका, बाबांचा फोन तुमच्याकडे राहिलाय ना?"

"अगं बाळा, मीच... बाबा बोलतोय."

"काय काका, चेष्टा करता! बाबा मघाशीच आले. म्हणाले, फोन पंचकाकांकडे विसरलो. भिंतीवरचं घड्याळ खोलून बसलेत. इतके खूश आहेत... सारखे स्वतःचे दोन्ही हात बघतायत."

साहेबांना दरदरून घाम फुटला. फोन डाव्या हातात होता. घाम पुसायला त्यांनी उजवा वर केला.

नुसती बाही वर आली. आतून टिकटिक ऐकू येत होती.