नऊ नंबरची खाट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीसोबत झालंय. आमची ताई प्रोग्रामर आहे, आणि भुताखेतांच्या गोष्टी तिला ऐकवतही नाहीत.

रविवार होता. दुपारचे तीन. लख्ख ऊन. ऑफिसात ती एकटीच.

एका रुग्णालयासाठी ती छोटी वेब सेवा लिहीत होती. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला हलकासा तयार सांगाडा, त्यावर कोडच्या जेमतेम साठ ओळी. वॉर्डातून खाटेचा नंबर आणि निरोप पाठवला, की यादीत नोंद होणार. सोमवारी सकाळी सेवा सुरू करायचीच होती.

तिने यादी मागवली. रिकामी यायला हवी होती.

एक नोंद आली...

खाट ९. "कोणी आहे का?"

"कुणाचा हा पाचकळपणा?" म्हणत तिने ती पुसली.

परत यादी मागवली.

खाट ९. "कोणी आहे का?"

पुसली. आली. पुसली. आली.

ताईचं डोकं फिरलं. साठ ओळी दहादा वाचल्या. डेटाबेस नव्याने बनवला. शेवटी वैतागून नेटची वायरच उपटली.

आता बाहेरून काही येणं शक्यच नव्हतं.

स्क्रीनवर नवी ओळ सरकली...

"पुसू नका."

तिने तडक वॉर्डातल्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, नऊ नंबरच्या खाटेवर कोण आहे?"

"नऊ? ती खाट तर वर्षापूर्वीच काढली. कोपरा रिकामा आहे."

"एकदा बघून याल? प्लीज."

सिस्टर कुरकुरत निघाल्या. फोनवर चपलांचा आवाज... मग तोही थांबला.

आणि स्क्रीनवर...

"सिस्टर आल्या."

"हॅलो? सिस्टर?"

ताईने फोन कानाला धरूनच ठेवला. पाच मिनिटं. दहा.

मग फोनवर सिस्टरांचा आवाज आला. अगदी हळू, शेजारी कुणाचा तरी नुकताच डोळा लागल्यासारखा.

"आता पुसा."

ताईने सगळ्या नोंदी पुसल्या. यादी रिकामी आली. परत मागवली. रिकामीच.

सेवा वेळेवर सुरू झाली. आजही बिनबोभाट चालते. ताई मात्र सिस्टरना विचारून थकली. परवा तर चिडलीच, "एवढंच सांगा, होतं कोण तिथे?"

"तुम्हाला यादी रिकामी हवी होती ना?" सिस्टर म्हणाल्या. "मिळाली ना?"

आणि फोन ठेवला.

ताई अजूनही त्या साठ ओळी उघडून वाचत बसते...